उपाशीपोटी

सावेडीतल्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये सकाळी साडेआठलाच बाकडी भरली आहेत. जानेवारी आहे, नगरची थंडी अजून हटलेली नाही. बायांच्या अंगावर शाली, पुरुषांच्या कानाला मफलर. सगळे रात्रीपासून उपाशी. काउंटरवरची मुलगी एकेकाला पाणी प्यायला सांगते आणि ‘आता लघवीला जाऊ नका हं’ म्हणून बजावते. तिच्या मागच्या भिंतीवर, गर्भलिंगनिदान केले जात नाही, ही कायद्याने लावावी लागणारी पाटी आहे. बाकी भिंत कोरी.

माझ्या शेजारी राहात्याकडच्या एक मावशी बसल्या आहेत. मांडीवर पिशवी, पिशवीत जुने रिपोर्ट. काय होतंय विचारल्यावर त्या आधी ‘काही नाही’ म्हणतात. मग थोड्या वेळाने आपणहून, ‘लिव्हरवर चरबी आलीय म्हणे.’ हे त्यांना तीन वर्षांपूर्वी कळलं. पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला सोनोग्राफी केली होती. खडे निघाले नाहीत, पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ निघाली: फॅटी लिव्हर, ग्रेड वन. ‘डॉक्टर म्हणले कॉमन आहे, काळजी करू नका. मी फाइल कपाटात ठेवून दिली. दुखत तर काही नव्हतं.’ यंदा फार थकवा येतो म्हणून रक्त तपासलं, तर साखर वाढलेली.

‘तेल मात्र मी तेव्हाच कमी केलं,’ मावशी सांगतात. ‘भाजीला नुसती फोडणी दाखवते.’

आणि चहा?

‘चहा लागतो की. पाच-सहा वेळा होतो. दूध घरचंच आहे, साखर कारखान्याची. सभासदाची मिळते ना.’

मावशींच्या घरापासून प्रवरानगर जवळ. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 साली तिथे सहकारी साखर कारखाना उभा केला आणि या जिल्ह्याच्या उत्तरेचं नशीब पालटलं. त्या साखरेने घरं बांधली, मुलं शिकवली. तिच्याविषयी इथे कुणी वाकडा शब्द काढत नाही आणि मलाही तो काढवत नाही. पण मावशींनी तीन वर्षं तेलाशी झगडा केला आणि साखरेकडे त्यांचं लक्षच गेलं नाही, कारण कुणी ते वेधलं नाही. मला ही गोष्ट लागते. त्यांनी ऐकलं नाही असं नाही. जे कानावर आलं तेवढं त्यांनी इमानाने केलं.

आतल्या खोलीत अंधार आहे. टेबलावर पन्नाशीतले एक अण्णा झोपले आहेत. बंडी वर सरकवलेली, गळ्यात तुळशीची माळ. माळ बाजूला घेताना ते ती आधी कपाळाला लावतात. हातपाय काटक, शेतकऱ्याचे. पोट मात्र पुढे आलेलं. जेल गार लागतं तसे दचकतात. ‘श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा,’ रेडिओलॉजिस्ट म्हणतात आणि उजव्या बरगडीखाली प्रोब तिरका करतात.

त्यांनी मला पडद्याजवळ उभं राहू दिलं आहे. लिव्हर आणि उजवी किडनी एकाच चौकटीत दिसतात. निरोगी माणसात दोन्हींचा करडा रंग साधारण सारखा असतो. इथे किडनी काळपट आहे आणि लिव्हर पांढुरकं, चकाकतं. चरबी ध्वनिलहरी उधळून परत पाठवते म्हणून ते उजळ दिसतं. नुसतं उजळ दिसलं तर ग्रेड वन. आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या तर ग्रेड टू. पलीकडचा पडदा, म्हणजे डायफ्रॅमही दिसेनासा झाला तर ग्रेड थ्री. अण्णांच्या रक्तवाहिन्या धुक्यात गेल्यासारख्या दिसतात. रेडिओलॉजिस्ट टाइप करणाऱ्या मुलाला सांगतात, ‘ग्रेड टू.’ दोन शब्द, आणि ते पुढचा अवयव बघायला लागतात.

अण्णा मान वळवून विचारतात, ‘खराब झालं का, साहेब?’

‘तुमच्या डॉक्टर सांगतील.’

या ‘डॉक्टर’ शेजारच्याच इमारतीत बसतात. फिजिशियन आहेत. त्यांच्या आणि रुग्णांच्या परवानगीने मी आज त्यांच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसते आहे. नावं लिहायची नाहीत असं आमचं ठरलं आहे.

अण्णा मुलाबरोबर आत येतात. मिरजगावच्या पुढचं गाव. बसण्याआधीच ते बोलायला लागतात, जणू कुणी आरोप केला आहे. ‘मॅडम, आमच्या घरात कुणी थेंब घेत नाय. मी पंचवीस वर्षं माळकरी हाय. मटण नाय, अंडं नाय.’ मागे एका दवाखान्यात चार माणसांसमोर त्यांना विचारलं गेलं, ‘रोज किती घेता?’ तेव्हापासून ते गावात कुणाला सांगत नाहीत. रिपोर्टची फाइल दुहेरी पिशवीत ठेवतात. हरिपाठाला शेजारी बसणारा मित्र सोनोग्राफी कशाची म्हणाला, तर त्याला मुतखडा सांगितला. ‘गळ्यात माळ आन् लिव्हर खराब म्हनल्यावर लोक काय म्हंतील? लपून घेत असंल.’

हे सांगताना त्यांचा आवाज जड होतो. मुलगा खाली बघतो.

लिव्हर खराब होतं ते दारूने, नाहीतर कावीळ होते, इतकंच आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या माहीत. अण्णांच्या आईने म्हणे रोज सकाळी उजेडात नेऊन त्यांच्या डोळ्यांत बघितलं. पिवळे नाहीत म्हटल्यावर ती निश्चिंत झाली. कावीळ उतरवणाऱ्याकडे जायचं का, हेही घरात बोलून झालं. मधुमेहाला, बीपीला एव्हाना गावात जागा मिळाली आहे. पारावर बसून माणसं आपली साखर किती ते बिनदिक्कत सांगतात. फॅटी लिव्हरला ती जागा अजून नाही.

डॉक्टर त्यांचं बोलणं मध्ये तोडत नाहीत. संपल्यावर म्हणतात, ‘अण्णा, तुमच्यावर माझा विश्वास आहे. हा आजार दारू न पिणाऱ्यालाही होतो. माझ्याकडे पुष्कळ माळकरी पेशंट आहेत.’ अण्णांचे खांदे खाली येतात. औषधाची चिठ्ठी अजून लिहिलेली नाही, तरी काहीतरी हलकं झालेलं मला इथून दिसतं.

मग त्या चिठ्ठीच्या कागदाच्या मागे चित्र काढतात. चरबी लिव्हरमध्ये येते कुठून, याचं उत्तर त्या तीन बाणांनी देतात. 2005 मध्ये अमेरिकेत काही रुग्णांच्या लिव्हरमधल्या चरबीचा माग काढला गेला. जवळजवळ 59 टक्के चरबी शरीरातल्याच साठ्यांतून रक्तावाटे आलेली होती, 26 टक्के लिव्हरने साखर-पिष्टापासून स्वतः बनवलेली आणि जेवणातल्या तेलतुपातून थेट आलेली फक्त 15 टक्के. ‘म्हणून नुसतं तेल बंद करून भागत नाही.’ बाहेर बाकावर बसलेल्या मावशी मला आठवतात.

‘पण मी जाड कुठाय?’ अण्णा विचारतात. वजन 68 किलो, उंचीच्या मानाने बेताचंच. डॉक्टर म्हणतात, ‘तुमच्याकडे कणगी असते ना? काहींच्या घरात मोठ्या कणग्या असतात, कितीही पीक येऊ द्या, मावतं. आपल्या लोकांच्या कणग्या लहान. कातडीखाली चरबी साठवायची जागा थोडी. ती भरली की उरलेलं पोटात आणि लिव्हरमध्ये जातं.’

याचा पुरावा पुण्यात आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळं 1993 पासून अभ्यासली आणि दाखवलं की आपली बाळं जन्मतः वजनाने कमी असूनही त्यांच्यात चरबीचं प्रमाण मात्र राखलेलं असतं. अण्णा दुष्काळी भागातले. त्यांच्या जन्माच्या आगेमागे 1972 चा दुष्काळ आहे, सुकडी आहे, खडी फोडायची कामं आहेत. त्यांच्या आईने काय खाल्लं असेल त्या वर्षी, असा विचार माझ्या मनात येतो. डॉक्टर तसं काही म्हणत नाहीत, म्हणून मीही तो इथेच ठेवते.

आता त्या रक्ताचे आकडे बघतात. वय 54, एसजीओटी 48, एसजीपीटी 64, प्लेटलेट 2 लाख 10 हजार. कॅल्क्युलेटर काढून वयाला एसजीओटीने गुणतात, प्लेटलेटच्या हजारांनी आणि एसजीपीटीच्या वर्गमूळाने भागतात. 1.54. याला फिब-4 म्हणतात. 1.3 च्या आत असेल तर लिव्हर घट्ट होत चालल्याची शक्यता फार कमी, 2.67 च्या वर गेला तर काळजी. अण्णा मध्ये आहेत. लागतात त्या नेहमीच्याच रक्ततपासण्या, वेगळा खर्च एक रुपयाचा नाही, आणि तरी हा आकडा बहुतेक फाइलींवर मला दिसलेला नाही. ग्रेड वन-टू हा चरबीचा अंदाज आहे. लिव्हरमध्ये व्रण पडायला लागले का, हे कळणं जास्त गरजेचं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. बहुतेकांचं तिथवर जात नाही. ज्यांचं जातं त्यांना सिरॉसिस होईपर्यंत बरेचदा काही जाणवत नाही. शिवाय फॅटी लिव्हर असलेल्यांचे मृत्यू सर्वांत जास्त हृदयविकाराने होतात, लिव्हरने नव्हे; म्हणून डॉक्टर बीपी आणि कोलेस्टेरॉलही याच कागदावर लिहितात.

‘फायब्रोस्कॅन करू, लिव्हर किती घट्ट झालंय ते कळेल. पुढच्या महिन्यात मशीन कॅम्पला येतंय, तेव्हा बोलावते. दुखत नाही.’

‘आन् गोळी?’

मधुमेहाची चालू असलेली गोळी बदलली जाते. लिव्हरची म्हणून वेगळी दिली जात नाही. अण्णांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसते. एवढ्या लांबून येऊन गोळी नाही म्हणजे काय. त्याऐवजी त्यांना आकडा मिळतो: पाच किलो. वजन 5 टक्के उतरलं तर चरबी घटते, 7 ते 10 टक्क्यांनी सूज हटते, 10 च्या पुढे गेलं तर व्रणसुद्धा मागे सरू शकतात. क्युबात 293 रुग्णांवर वर्षभर केलेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे बायोप्सीने तपासून पाहिलं आहे. लिव्हर इतकं सावरू शकतं, हे ऐकून मला तरी आनंद होतो. अण्णा म्हणतात, ‘पाच किलो म्हंजी गव्हाची लहान पिशवी.’

दुपारपर्यंत रांग चालू राहते. नागापूर एमआयडीसीत रात्रपाळी करणारा सव्वीस वर्षांचा एक पोरगा मोबाइलवर वाचून पार घाबरून आला आहे. ‘लिव्हर साफ’ करणारी पावडर त्याने मागवली, वर सकाळी गुळवेलीचा काढा. डॉक्टर दोन्ही बंद करायला सांगतात. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्या तज्ज्ञांनी 2021 मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. पण आधीच सुजलेल्या लिव्हरवर असले प्रयोग करू नयेत, असं त्या ठामपणे सांगतात आणि मला ते पटतं. त्याचं खरं दुखणं पाळी सुटल्यावर सकाळी सातला खाल्लेल्या वडापावात आणि दिवसभराच्या झोपेत आहे. त्यावर बोलायला त्या वेळ घेतात.

एक टेम्पोवाले भाऊ आहेत. फॅटी लिव्हर हा शब्द ऐकून त्यांना सुटल्यासारखं वाटतंय. ‘म्हणजे दारूचं नाही ना?’ ते बायकोकडे वळून म्हणतात, ‘बघ, चरबीचंय.’ बायको काही बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, ‘दारूनेही आधी हेच होतं, भाऊ. तुम्ही रोज घेता ना? मग तुमच्या बाबतीत पहिली गोष्ट तीच.’ ज्या खोलीत अण्णांना ठपक्यातून सोडवलं, त्याच खोलीत यांना मात्र सोडवून चालत नाही. दोन्ही वाक्यं त्या एकाच मऊ आवाजात बोलतात.

भारतातल्या अभ्यासांचा 2022 चा एकत्र आढावा प्रौढांमध्ये दारूशिवाय होणाऱ्या फॅटी लिव्हरचं प्रमाण सुमारे 38 टक्के सांगतो. मुंबईचे डॉ. दीपक अमरापूरकर यांनी रेल्वेच्या वसाहतींत घरोघरच्या माणसांची सोनोग्राफी करून 2007 मध्ये ते साडेसोळा टक्क्यांच्या आसपास असल्याचं लिहिलं होतं. दोन्ही मोजण्या वेगवेगळ्या, त्यांची थेट तुलना करू नये. पण दवाखान्यात न आलेल्या साध्या माणसांपर्यंत सोनोग्राफीचं यंत्र नेणारे ते डॉक्टर होते, हे आठवावं असं मला वाटतं. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून ते गेले. बहुतेकांना त्यांचं नाव त्या बातमीतून माहीत आहे.

अण्णांचा मुलगा मला गाडीत घेतो. सोलापूर रस्त्याने निघतो. गळीत हंगाम चालू आहे. उसाच्या जुगाडांमागे, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे गाडी अडते. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवून उभी आहे, शेतांच्या कडेला हुरड्याच्या पाट्या. अण्णा मागे बसून हिशेब करतात. आषाढी वारीला निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून मिरजगावावरून पंढरपूरला जाते. ते तिथून दिंडीत सामील होतात. ‘तवा पोट उतरतं माझं. नंतर परत येतं.’ आता पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला यात्रा, तिथे एसटीने जायचं आहे.

घरी सून पाणी आणते आणि पहिला प्रश्न तिचाच: ‘स्वयंपाकात काय बदलायचं, सांगितलं का?’ फाइल मुलाकडे, आजार सासऱ्यांना, काम मात्र तिच्याकडे. ती चिठ्ठीमागचं चित्र घेऊन चुलीच्या उजेडात बघते. भाकरी चालू. ज्वारीची, बाजरीची, पण चारऐवजी दोन, आणि वर भात नको. मटकी, हुलगे, उसळ रोज. हुलग्याचे शेंगोळे थंडीत इथे होतातच, त्यावर अण्णा खूश होतात. चहा दोनदा, साखरेशिवाय. इथे ते गप्प होतात.

अडतं ते एकादशीवर. महिन्यात दोन एकादश्या. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाण्याची आमटी, गोड दही. ‘उपासाला काय साखर वाढती का?’ अण्णा विचारतात. काकू, म्हणजे त्यांच्या मालकीण, ठासून म्हणतात, ‘एकादशी मोडायची नाय.’ मोडा असं डॉक्टरांनी सांगितलेलंच नाही. सून वाचून दाखवते: साबुदाणा नको, भगर थोडी, राजगिऱ्याची भाकरी, ताक, काकडी. काकू ऐकतात. ‘राजगिरा चालतो उपासाला,’ त्या शेवटी मान्य करतात, ‘पण तो आणावा लागंल मिरजगावाहून.’ बाजाराच्या यादीत राजगिरा लिहिला जातो. गेल्या तासाभरात या आजाराबाबत झालेलं हे सगळ्यात पक्कं काम.

संध्याकाळी आशाताई येतात. सुनेनेच फोन केला होता. त्यांच्या पिशवीत टेप आहे आणि तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी भरायचा सरकारी फॉर्म. त्यात कंबरेचा घेर विचारलेला असतो: पुरुषाचा 90 सेंटिमीटर, बाईचा 80. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, तेव्हापासून या टेपचं काम वाढलं आहे. याच जिल्ह्यात, इथून फार लांब नसलेल्या जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या कमी शिकलेल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं. गावचं दुखणं गावातली बाई ओळखू शकते, हे त्यांनी देशाला दाखवलं. आशाताई दाराशी चप्पल काढून आत येतात तेव्हा मला ती सगळी माणसं आठवतात.

अण्णांचा घेर 96. ‘हे तर म्हाईतच हाय,’ म्हणून ते टेप मुलाकडे ढकलतात. मुलगा एकतीस वर्षांचा, पिकअप चालवतो, दिवसभर बैठं काम. ‘मला काय झालंय?’ तो हसून टाळतो. आशाताई सोडत नाहीत. 101. तो टेप हातात घेऊन स्वतः परत बघतो. कुणी हसत नाही.

‘काकू, आता तुम्ही.’

‘माझं काय बघायचंय. मला काय धाड भरलीय.’

‘ताठ उभ्या राहा.’ सून पाठीमागून पदर सावरून धरते. 92. काकूंची साखर कधीच तपासलेली नाही. नवऱ्याबरोबर नगरला त्या प्रत्येक वेळी गेल्या, डबा घेऊन बाहेर बसल्या. आशाताई आकडा फॉर्मवर टाकतात आणि उपकेंद्रात रक्त तपासायला गुरुवारी या म्हणतात. काकू म्हणतात गुरुवारी खुरपणीला बाया सांगितल्यात. सून म्हणते बायांकडे मी बघते. मग ती आशाताईंच्या हातातलं पेन मागून घेते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकटीत तिघांची नावं लिहिते. थोडं थांबून खाली स्वतःचंही लिहिते.